वाऱ्याला दावं

नशिराबादला आमच्या शेजारी एक नाना राहतात. मी निवृत्त झालो तरी ते मला अजून 'बाँबवाले भाऊ' म्हणूनच हाक मारतात. एकदा ओट्यावर बसल्या बसल्या त्यांनी आवाज अगदी खाली आणला, म्हणजे फक्त अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल इतका, आणि मला विचारलं, "भाऊ, तुमच्या त्या चाचणीतून एखादं लहानसं उरतसुरत असीन ना? आमच्या साडूच्या बांधावर टाकायचं होतं. माणसाला लागायला नको. फक्त बांध सरकला पाहिजे."

मी म्हटलं, "नाना, माझं काम ते टाकायचं नव्हतं. ते टाकलं तर साडूच्या विहिरीतल्या बेडकाला काय होईल, ते आधी सांगायचं होतं."

नाना बराच वेळ बेडकाचा विचार करत बसले. मग म्हणाले, "आणि याच्यासाठी सरकार माणूस ठेवतं?"

ठेवतं. सरकार नाही, पण सरकारला अहवाल देणारी आमच्यासारखी कंपनी ठेवते. तो माणूस मी. नोकरी जळगावच्या ऑफिसात. बायकोच्या माहेरी अजून समज आहे की जावईबापू वरणगावला दारूगोळ्यात होते. जळगावकडे गोळ्यांचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वरणगावच येतं, त्याला माझा इलाज नाही. आणि मीही तो समज फार खोडून काढला नाही. दारूगोळ्यातल्या जावयाला पुरणपोळीवर तूप जरा जास्त पडतं.

तर कामाविषयी. क्षेपणास्त्र म्हटलं की लोकांना वाटतं ते सुसाट आकाशात जाणार. पण ते उडवण्याआधी त्याचं इंजिन, म्हणजे आत घट्ट दारू भरलेला नळा, जमिनीवर काँक्रीटला जखडून पेटवून बघतात. बैलाला खांबाला बांधून त्याची ताकद मोजावी, तसं. तो नळा काही क्षणच जळतो, पण तेवढ्यात दुसरा सूर्य उगवतो, दातांच्या कवळ्या आपोआप चघळायला लागतात आणि पांढराशुभ्र धूर डोंगराएवढा उभा राहतो. हा धूर दिसतो कापसासारखा, पण त्यात आम्ल असतं. तो दवाबरोबर खाली बसला की पानावर ठिपके पडतात आणि घशात किरकिर होते. अशी जागा कुठे करायची असली की आधी आमच्यासारख्यांनी जायचं, तिथलं पाणी, हवा, आवाज, पाखरं जशी आहेत तशी मोजायची आणि मग सांगायचं की हे पेटवलं तर काय बदलेल.

हे ऐकायला सोपं वाटतं. पण 'जशी आहेत तशी' हीच खानदेशात मोठी अडचण आहे. एका गावी मी आवाज मोजायचं यंत्र लावलं आणि नेमकी त्याच दिवशी कानबाईची मिरवणूक निघाली. बँड असा वाजला की यंत्राने आधी आकडे दाखवले, मग नुसत्या रेघा दाखवल्या आणि शेवटी माझ्याकडे बघून डोळा मिटला. तो आकडा धरला असता तर अहवालात लिहावं लागलं असतं की रॉकेटची चाचणी घेतल्यास गावात शांतता नांदेल.

आता ज्या गावाची गोष्ट सांगायची आहे ते दोंडाईच्याच्या अंगाला आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथे माझं जेवण बंद होईल, आणि या वयात नवं गाव जोडणं जमत नाही. गावाच्या पश्चिमेला एक उघडाबोडका डोंगर. त्याच्या पायथ्याशी, गावाच्या बाजूला, असा चाचणीचा ओटा बांधायचं ठरत होतं. डोंगर आणि गाव यांच्या मध्ये मिरचीची पथारी. पथारी म्हणजे ओल्या लाल मिरच्या वाळत घालायचं मोकळं मैदान. हंगामात ती अशी दिसते की वरून जाणाऱ्या विमानाने सिग्नल समजून थांबावं.

ही पथारी देवकाअक्कांची. साठी ओलांडलेली बाई, नवरा गेल्यावर स्वतः उभं केलेलं काम. शेतकऱ्यांकडून ओली मिरची घ्यायची, वाळवायची, बायांकडून देठ खुडून घ्यायचे आणि दोंडाईच्याच्या बाजारात न्यायची. या धंद्यात एकच भीती. वाळत्या मिरचीवर ओल बसली किंवा डाग पडला की तिचा लाल रंग उडतो आणि ती पांढरट होते. तिला म्हणतात फटकी. फटकी मिरची व्यापारी हातातसुद्धा धरत नाही. म्हणजे दवाच्या सकाळी आमच्या चाचणीचा धूर एकदा जरी पथारीवर बसला, तरी अक्कांचा आणि त्यांच्या हाताखालच्या सगळ्या बायांचा हंगाम फटकी. आमचा सगळा अहवाल एका प्रश्नावर येऊन टेकला होता. धूर गावाकडे येणार की डोंगराकडे जाणार?

तिथली हवा मोजतानाच मला समजायला हवं होतं की हे गाव सरळ उत्तर देणार नाही. धूळ पकडायच्या यंत्रात आम्ही पांढरा कागद लावतो. इतर गावी तो करडा होऊन निघतो. इथे तो कुंकवासारखा निघाला. मी तो पाकिटात घालून प्रयोगशाळेत पाठवला. तिथल्या रसायनवाल्या मॅडमनी पाकीट उघडलं, आणि मग त्यांचा फोन आला तेव्हा मला फक्त शिंका ऐकू आल्या. मधूनमधून माझं नाव येत होतं, पण ते कौतुकाने नव्हतं.

वारा मोजायला उंच, मोकळं छप्पर लागतं. अक्कांचं धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छपराचं घर गावात सगळ्यांत उंचावर. मी यंत्र घेऊन गेलो. एक दांडा, त्याच्या डोक्यावर गरगर फिरणाऱ्या तीन वाट्या वेग मोजायला, आणि एक शेपूट दिशा दाखवायला. शेपटाला शाळेच्या पुस्तकात वातकुक्कुट म्हणतात. आम्ही त्याला कोंबडाच म्हणायचो.

"भाऊ, हाई काय शे?" अक्कांनी विचारलं.

"अक्का, याच्यावर वारा मोजतात."

"वारा कसाले मोजाना? तो काय इकाना शे?"

वारा विकायचा नाही, हे मी समजावलं. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं, मला शेवभाजी आणि भाकरी वाढली, आणि घास तोंडात असताना विचारलं, "म्हंजे मनी मिरचीनं काय व्हई, ते हाऊ कोंबडा ठरावणार?"

"तसंच म्हणा."

"मंग त्याले दाणा घालू का?"

मी निक्षून सांगितलं की दाणा नको, पाणी नको, आणि कृपा करून कुणीही त्याला हात लावायचा नाही. अक्कांनी मान डोलावली. यंत्रात सिमकार्ड होतं. आकडे थेट जळगावला माझ्या टेबलावर येणार होते, त्यामुळे मला पुन्हा शिडी चढायचं कारण नव्हतं, आणि माझे गुडघे या सोयीवर बेहद्द खूश होते.

आकडे काय सुंदर आले म्हणून सांगू. वाट्या कधी जोरात फिरत होत्या, कधी हळू. यंत्र जिवंत होतं. आणि कोंबडा? कोंबडा रात्रंदिवस, न हलता, न डुलता, पूर्वेकडे तोंड करून. म्हणजे वारा पूर्वेकडून येतो, धूर पश्चिमेला डोंगरावर जातो, गाव वाचलं, पथारी वाचली. माझ्या सगळ्या नोकरीत इतका एकनिष्ठ वारा मी पाहिला नव्हता. ऑफिसातले लोक कौतुकाने बघायला येत. मी त्यांना छाती फुगवून सांगितलं की सातपुड्याच्या रचनेमुळे असं होतं. सातपुडा बिचारा काही बोलत नाही, म्हणून आम्ही लोक त्याच्या नावावर वाटेल ते खपवतो.

मग आली जनसुनावणी. असा प्रकल्प करायच्या आधी गावात मांडव घालून लोकांच्या हरकती ऐकाव्या लागतात. शाळेच्या पटांगणात मांडव पडला. अध्यक्षस्थानी जिल्ह्याच्या एक अधिकारी बाई. त्यांच्या शेजारी चाचणीतळाचे साहेब. साहेब दक्षिणेकडचे, नवं नवं मराठी शिकलेले, पण ते इतकं शुद्ध की आमच्या कानाला परकं वाटायचं. बोलताना टोपी मांडीवर, उभं राहताना डोक्यावर. समोर सगळं गाव, पहिल्या रांगेत अक्का.

मी नकाशा लावला. बाण दाखवला. "वारा इकडून तिकडे जातो. गावाकडे धूर येण्याची शक्यता जवळपास नाही," असं म्हणालो आणि पाण्याचा घोट घेतला.

तेवढ्यात मांडवाची एक बाजू फुगली. पश्चिमेकडून एक झुळूक आली. झुळूक कसली, दांडगी वावटळच. पथारीवर बाया मिरच्या पालथ्या करत होत्या. त्या वाऱ्याने तिथली सगळी भुकटी उचलली आणि थेट जनसुनावणीला आणून सोडली.

पहिली शिंक अधिकारी बाईंची. दुसरी साहेबांची. ती अशी की मांडवाच्या दोरीवरचं कबुतर उडालं. मग सगळा मांडव. माईकवर मी होतो, त्यामुळे माझी शिंक दोंडाईचा स्टेशनपर्यंत गेली असणार. कागद उडाले, साहेबांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. गाव मात्र शांत बसलेलं. तिथे लहान मूल जन्मतं तेच त्या हवेत.

अक्का उभ्या राहिल्या. पदर सारखा केला.

"भाऊ, तुमना कागदमा वारा डोंगरकडे जास. मंग हाई मिरची तुमना नाकमा कथाईन उनी?"

माझ्या नाकाला रुमाल होता.

"आणि उद्या मिरचीनी जागावर तुमना धूर उना," अक्का म्हणाल्या, "तं मी कोणले शिंक दाखाडू?"

कुणी हसलं नाही. पथारीकडून खुडणाऱ्या बाया मांडवाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या होत्या. अधिकारी बाईंनी डोळे पुसले आणि मला विचारलं, "तुमचं यंत्र कुठे आहे?"

मी शिडीवर कसा चढलो ते गुडघ्यांना विचारा. माझ्यामागे साहेब, टोपी डोक्यावर. खाली अक्का, अधिकारी बाई आणि गाव. धाब्यावर पोहोचलो आणि बघतो तर काय. अख्खं धाबं बिबड्यांनी भरलेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बिबडी म्हणजे आमच्याकडचा ज्वारीचा पापड. शिजवलेलं पीठ ओल्या हाताने कापडावर थापायचं आणि उन्हात वाळवायचं. बिबड्यांवर पाखरं येऊ नयेत म्हणून जुन्या साडीचं छत, छताला दोरी, दोरीचं एक टोक कठड्याच्या खुंटीला आणि दुसरं टोक आमच्या कोंबड्याच्या शेपटाला. करकचून.

कोंबडा पूर्वेकडे बघत होता, कारण त्याला दुसरीकडे बघायची सोय नव्हती. वरच्या वाट्या मात्र मजेत फिरत होत्या.

"अक्का," मी वरून विचारलं, "हे कुणी बांधलं?"

"मीच बांधं," खालून आवाज आला, बिलकूल न लाजता. "ते शेपूट गरगर फिरे, बठ्ठं कापड ओढी ले. मोकाट जनावर व्हतं, बांधी दिधं."

"मी हात लावायचा नाही म्हणालो होतो ना?"

"हात नही लावा. दोरीघाई बांधं."

"मग त्या वाट्या का नाही बांधल्या?"

"त्या फिरतस तं कावळा येत नही. त्या कामन्या शेतस."

खाली आमच्या कंपनीचा, सुनावणीची नोंद लिहिणारा एक कारकून होता. तो अधिकारी बाईंच्या कानाशी लागला. 'यंत्राशी छेडछाड' हे शब्द मला धाब्यावर स्पष्ट ऐकू आले. छेडछाड लिहिलं की अक्कांची हरकत गेली कचऱ्यात. गावाने मुद्दाम आकडे बिघडवले, असं होऊन बसलं असतं. आणि बिघडवले कुणाच्या बाजूने, तर स्वतःच्या विरुद्ध. जगात असं पहिलंच गाव असेल की ज्याने यंत्राला दावं लावून स्वतःच्या मिरचीवर धूर ओढवून घेतला.

मी काहीतरी थाप शोधत होतो. सातपुडा पुन्हा काढावा की काय, असा विचार चालला होता. तेवढ्यात साहेब पुढे झाले आणि त्यांनी स्वतःच ती गाठ सोडली.

महिनाभर बांधलेला कोंबडा. सुटल्याबरोबर त्याने अशी गिरकी घेतली की शेपटाने साहेबांची टोपी उडवली. टोपी वर गेली, वाऱ्यावर जरा तरंगली, आणि सगळ्या गावाच्या देखत धाब्यावरून, शाळेवरून, मांडवावरून पूर्वेकडे निघून गेली. कोंबडा थरथरत थांबला, डोंगराकडे तोंड करून.

साहेब उघड्या डोक्याने टोपी गेली त्या दिशेकडे बघत उभे राहिले. मग आपल्या शुद्ध मराठीत म्हणाले, "वारा पश्चिमेकडून येतो आहे."

"आज," मी म्हटलं.

"बाकीचे दिवस आपल्याला माहीत नाहीत."

"नाहीत."

"तर मग आपण पुन्हा मोजले पाहिजे." त्यांनी कठड्यावरून खाली वाकून कारकुनाला सांगितलं, "छेडछाड लिहू नका. यंत्र अडकले होते, असे लिहा. हे सत्य आहे." आणि एक अर्धवट वाळलेली बिबडी उचलून खाल्ली. खाली अक्का म्हणाल्या, "ती वल्ली शे, साहेब, वाळेल ल्या." साहेबांनी दुसरीही खाल्ली.

पुन्हा मोजलं. या वेळी बिबड्या शेजारच्या धाब्यावर गेल्या आणि मी गुडघ्यांची समजूत घालून दर आठवड्याला शिडी चढलो. वारा बहुतेक वेळ पश्चिमेचाच. पूर्वेचा येतो तो हिवाळ्यातल्या काही सकाळी, उन्हाळ्यात एखाद्या वेळी, आणि तोही लहरी. मग अहवालात अट पडली. चाचणी फक्त वारा डोंगराकडे जात असेल तेव्हाच, आणि पेटवण्याआधी पथारीवर फोन करून विचारायचं.

ओटा उभा राहिला आणि पहिल्या चाचणीचा हिवाळा आला. देशाच्या चार कोपऱ्यांतून मोठेमोठे शास्त्रज्ञ आले. नळा जखडला, तारा जोडल्या, आणि पूर्वेचा वारा काही येईना. साहेब रोज सकाळी अक्कांना फोन लावत. मी तेव्हा तिथेच होतो, पथारीच्या कडेला.

"अक्का, आज?"

"आज नही. मिरची वल्ली शे, आनि वारा आमनाकडेच येस."

"उद्या?"

"उद्या बाजार शे."

ज्या नळ्याच्या नुसत्या फोटोने शत्रूच्या पोटात गोळा यावा, तो दोंडाईच्याच्या बाजारासाठी थांबला. शास्त्रज्ञ गावात हिंडून कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी खायला शिकले. एकाने तर पथारीवर बसून देठ खुडले आणि नंतर विसरून डोळे चोळले. त्याला दोन बायांनी धरून नळाखाली बसवलं.

अखेर एका सकाळी पूर्वेचा वारा सुटला. अक्कांनी मूठभर भुकटी हवेत सोडून पाहिली. ती डोंगराकडे गेली. फोनवर म्हणाल्या, "पेटावा."

पेटलं. जमीन थरथरली, पथारीवरच्या मिरच्या जागच्या जागी नाचल्या, गावातल्या म्हशींनी त्या दिवशी दुधाऐवजी थेट लोणी दिलं असं लोक सांगतात, आणि मीही सांगतो. पांढरा धूर उभा राहिला. तो डोंगराएवढा झाला आणि तिथेच थांबला, कुठे जावं या विचारात. बाया हात थांबवून बघत राहिल्या. अक्कांनी माझा दंड पकडला होता. आकाराने लहान बाई, पण त्या बोटांची खूण मी आठवडाभर मिरवली. मग धूर हळूच वाकला. डोंगराच्या अंगावर टेकला आणि वर सरकत पलीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी मी पथारी पालथी घातली. एका मिरचीवर डाग नव्हता. अक्कांनी एक उचलून मोडून दाखवली, बिया खुळखुळल्या. "लाल शे," त्या म्हणाल्या. बायांनी पुन्हा खुडायला सुरुवात केली.

मग मी डोंगरावर गेलो. तिथे काय असणार, दगड आणि वाळकं गवत. अहवालात आम्ही तसंच लिहिलं होतं, निर्जन. वरच्या अंगाला काही झुडपांच्या पानांवर पांढरे ठिपके पडलेले दिसले. मी वाकून बघतोय तोच एक टिटवी डोक्यावर आली. काय ओरडली म्हणता. मी डावीकडे गेलो, ती डावीकडे. मी बसलो, ती माझ्या टाळूवर. तिथे तिचं घर असणार आणि ते तिला माझ्यापासून लपवायचं असणार. जनसुनावणीचा मांडव गावात पडला होता, डोंगरावर नाही. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

खाली येऊन अक्कांना सांगितलं. अक्कांनी डोंगराकडे बघितलं.

"तिले काय पाहिजे?"

"टिटवी उन्हाळ्यात अंडी घालते. तेव्हा धूर नको."

"मंग उन्हाळामा नका पेटावू." जणू घरचाच प्रश्न होता.

मी तशी एक अट वाढवून साहेबांकडे पाठवली. अशा प्रत्येक अटीपुढे सूचना कुणाची ते लिहावं लागतं. मी लिहिलं, 'स्थानिक रहिवासी, महिला, मुक्काम डोंगर.' साहेबांनी कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं. मग खाली सही केली. नाव विचारलं नाही.